पितळी पंपाचा स्टोव्ह पुन्हा पेटता करायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या नारायण पेठेतला वाडा पुनर्बांधणीला गेला तेव्हा माळ्यावर आजीचा पितळी स्टोव्ह सापडला. पितळ काळेहिरवे पडले आहे. पंप मारला तर दांडा सुळकन खाली जातो, हवा भरल्यासारखी वाटतच नाही. एका दुरुस्तीवाल्याने सांगितले की टाकी बदला आणि बर्नर नवा घाला. घरच्यांना मात्र तोच स्टोव्ह पुन्हा पेटलेला पाहायचा आहे. शक्य आहे का, आणि कुठून सुरुवात करावी?

बहुतेक वेळा शक्य असते. या स्टोव्हमध्ये झिजून कायमचे वाया जाईल असे फार थोडे असते. झिजतात ती पंपातली कातडी, वायसर आणि बर्नरमधले बारीक भोकाचे निपल, आणि हे तिन्ही काही रुपयांचे सुटे भाग आहेत. टाकी आणि बर्नर नीट जपले तर दोन पिढ्या सहज जातात. माझ्या हाताखालून गेलेल्या स्टोव्हपैकी जे खरोखर मेले होते, त्यांतले बरेचसे माळ्यावर मेले नव्हते. कुणीतरी उत्साहाने आधी चकचकीत पॉलिश केले, मग रॉकेल भरून काडी लावली, आणि गळती कुठे आहे हे आग लागल्यावर कळले. म्हणून माझा एकच आग्रह आहे: थंड स्टोव्हवर प्रत्येक सांधा पाण्यात आणि हवेत सिद्ध झाल्याशिवाय त्यात पेटवण्यासाठी रॉकेल भरायचे नाही आणि त्याच्याजवळ काडी न्यायची नाही. पॉलिश सगळ्यात शेवटी.

आधी हा स्टोव्ह चालतो कसा ते नीट समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक दुरुस्ती त्यावर अवलंबून आहे. स्टॉकहोममध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने १८९२ मध्ये ही रचना सिद्ध केली आणि ती प्रायमस या नावाने जगभर गेली. पुढे अनेक कारखान्यांनी तीच रचना उचलली, आपल्याकडेही तिचे पितळी अवतार निघाले. १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचलेल्या आमुंडसेनच्या तुकडीकडे हाच स्टोव्ह होता. वातीच्या स्टोव्हमध्ये रॉकेल वातीतून चढते आणि जळते, म्हणून ज्योत सहज पिवळी होते आणि भांडे काळे. पंपाच्या स्टोव्हमध्ये रॉकेल द्रवरूपात जळतच नाही. टाकीतली दाबलेली हवा रॉकेलला मधल्या नळीतून वर ढकलते. ते बर्नरच्या तापलेल्या नळ्यांतून फिरते, तिथे त्याची वाफ होते, आणि ती वाफ निपलच्या बारीक भोकातून जोराने वर उसळते. वर जाता जाता ती आजूबाजूची हवा ओढून घेते, बर्नरच्या टोपीवर आपटून पसरते आणि निळी जळते. त्या ज्योतीनेच बर्नरच्या नळ्या गरम राहतात. म्हणजे एकदा चक्र सुरू झाले की चालू राहते, पण सुरू होण्यासाठी पहिली उष्णता बाहेरून द्यावी लागते. स्पिरिटमध्ये भिजवलेला बोळा, म्हणजे काकडा, लावायचा तो त्यासाठी. ज्वाला कमीजास्त करायला गॅससारखे बटण यात नसते. वाढवायची तर पंप मारायचा, कमी करायची तर टाकीतला दाब सोडणारी हवेची चावी किंचित सैल करायची.

आता काम. स्टोव्ह गच्चीवर किंवा अंगणात न्या. हवेची चावी आधी सैल करा, मग टाकीचे झाकण काढा. आत जुने रॉकेल असेल तर ते मधासारखे पिवळे आणि चिकट झालेले असते. ते बाटलीत काढून घ्या, मोरीत ओतू नका. थोडे ताजे रॉकेल घालून टाकी खळखळून धुवा, दोन-तीनदा. जे बाहेर येते ते पांढऱ्या फडक्यावर ओतून बघा. काळे कण आले तर ते बर्नरमधले किंवा वायसरचे, हिरवे आले तर पितळ आतून गंजलेले, तांबूस कण आले तर लोखंडाचा काही भाग आत गंजतो आहे.

दांडा सुळकन खाली जातो म्हणजे पंपाचे कातडे गेले आहे, हे जवळजवळ नक्की. पंपाची टोपी उघडून दांडा बाहेर काढा. त्याच्या टोकाला वाटीच्या आकाराचा कातड्याचा वायसर असतो. वर्षानुवर्षे कोरडा राहिल्यामुळे तो आकसून लाकडासारखा झालेला असेल. फाटला नसेल तर फेकू नका. शिलाई मशीनच्या तेलात रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी बोटांनी मळून त्याची कड बाहेरच्या बाजूला पसरवा. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल बऱ्याच घरांत वापरत, पण ते काही महिन्यांत चिकट होते आणि दांडा अडकू लागतो. कातड्याच्या वाटीचे तोंड खाली, म्हणजे टाकीच्या बाजूला हवे. उलटे बसवले तर कितीही पंप मारा, हवा आत जात नाही. नवे कातडे घ्यायचे असेल तर पंपाच्या नळीचा आतला व्यास मोजून घ्या. एक मिलीमीटरचाही फरक इथे जाणवतो. प्लास्टिकच्या वाट्या मिळतात, त्या मला पटत नाहीत, उष्णतेने त्यांचा आकार जातो. चांगल्या कातड्याचा पंप हाताला लागतो. दांडा दाबताना शेवटच्या दोन बोटे अंतरात स्पष्ट विरोध जाणवला पाहिजे.

कातडे बदलूनही एक गोष्ट बघायची राहते. पंप मारून हात सोडला आणि दांडा आपोआप वर आला, तर दोष पंपाच्या तळाशी असलेल्या व्हॉल्व्हमध्ये आहे. हवा आत जाऊ द्यायची आणि परत येऊ द्यायची नाही, एवढेच त्याचे काम. पंपाच्या नळीत रॉकेल दिसले तरी दोष त्याचाच. आणि हा दोष सर्वांत धोकादायक, कारण टाकीतला दाब रॉकेलला पंपातून थेट बाहेर, पेटलेल्या बर्नरच्या शेजारी आणून सोडतो.

हा व्हॉल्व्ह नळीच्या तळाशी आट्यांवर बसवलेला असतो आणि तो काढायला लांब दांड्याची खास चावी लागते. इथे घाई करायची नाही. पेचकसाने किंवा चपट्या पट्टीने तो फिरवायचा प्रयत्न केला की खाचा झिजतात, आणि मग तो कुणालाच निघत नाही. नळीत गंज सोडवणाऱ्या तेलाचे काही थेंब टाकून एक-दोन दिवस सोडा. मग टाकी कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून खास चावी सरळ उभी धरून फिरवा. चावी तिरपी झाली तर थांबा. निघाला की आत एक छोटी स्प्रिंग आणि तिच्यावर बुचाची किंवा रबराची बारीक गादी दिसेल. जुन्या स्टोव्हमध्ये खरोखरच बुचाच्या झाडाचे बूच असे. त्याच्या जागी रॉकेल सोसणाऱ्या नायट्राइल रबराचा तुकडा कापून बसवा. सायकलच्या ट्यूबचे रबर वापरायची आपल्याकडे फार सवय आहे. ते वापरू नका. रॉकेल लागले की ते फुगते, मऊ पडते आणि थोड्याच दिवसांत चिकट होऊन व्हॉल्व्ह उघडा ठेवते. झाकणाचा वायसर आणि हवेच्या चावीखालचा वायसर यांनाही हाच नियम. बर्नर ज्या ठिकाणी नळीवर बसतो तिथे मात्र रबर चालत नाही, तिथे शिशाचा वायसर लागतो. शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवा आणि ते मुलांच्या हाती देऊ नका.

टाकीची परीक्षा हा या सगळ्यातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि लोक नेमका तोच गाळतात. पितळी टाकी पत्रा दाबून आणि कातून बनवलेली असते. त्या ठोकाठोकीचा ताण धातूत कायमचा राहतो. अशा ताणलेल्या पितळाला अमोनिया आणि ओलावा एकत्र मिळाला तर त्यात केसासारख्या बारीक चिरा पडतात. हा प्रकार पहिल्यांदा ठळकपणे लक्षात आला तो आपल्याच देशात. ब्रिटिश लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेली असत आणि ती आपोआप तडकत. कारण घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे १९२१ मध्ये नीट सिद्ध झाले. वाड्याच्या माळ्यावर घोडे नसतात, पण पारवे असतात. त्यांच्या विष्ठेतूनही अमोनिया सुटतो. पुण्याचा पावसाळा, बंद माळा आणि पारव्यांची घाण असे जमले असेल तर टाकीच्या खांद्यावर, तळाच्या कडेवर आणि झाकणाच्या बोळक्याभोवती भिंग घेऊन नीट पाहा. अमोनिया असलेले पितळेचे पॉलिश वापरू नका, त्याचे कारणही हेच.

परीक्षा दोन टप्प्यांत करा. पहिल्यांदा टाकी पाण्याने अगदी काठोकाठ भरा, बर्नरच्या नळीचे तोंड आट्यांच्या बुचाने बंद करा आणि पंपाने दाब द्या. आत हवा नगण्य असल्यामुळे टाकी फुटलीच तरी नुसते पाणी गळते, पत्रा उडत नाही. बाहेरून कोरडी पुसलेली टाकी दहा-पंधरा मिनिटे तशीच ठेवा आणि कुठे पाणी पाझरते ते पाहा. ही परीक्षा पार पडली तरच दुसरी. टाकी रिकामी करा, बेताने हवा भरा आणि बादलीभर पाण्यात बुडवा. बुडबुडे कुठून येतात ते दिसेल. झाकण, हवेची चावी, पंपाची टोपी, नळीचा बुंधा आणि पायांचे सांधे, सगळीकडे पाहा. सुरुवातीला पितळाला चिकटलेली हवा सुटते, तिला फसू नका. सतत एकाच ठिकाणाहून येणारी बुडबुड्यांची रांग म्हणजे गळती.

वायसरची गळती असेल तर वायसर बदला. सांध्याची असेल तर डाग देता येतो, म्हणजे झाळून बुजवता येते, पण ते काम जाणत्याकडूनच करून घ्या. रॉकेलची टाकी कितीही धुतली तरी तिच्या आत वाफ राहते. ज्वाला किंवा डाग द्यायची तापलेली कैया लावण्यापूर्वी डागाच्या जागेपर्यंत टाकी पाण्याने भरलेली असली पाहिजे. नुसती धुऊन वाळवलेली टाकी डाग द्यायला घेणारा कारागीर दिसला तर टाकी उचलून परत या. पत्र्यातच चीर असेल तर माझे मत स्पष्ट आहे: तो स्टोव्ह पेटवायचा नाही. चिरेवर दिलेला डाग आज धरतो, पण ताण तसाच राहतो आणि चीर डागाच्या शेजारून पुढे जाते. असा स्टोव्ह स्वच्छ करून दिवाणखान्यात ठेवा, त्याला त्याची जागा द्या, पण त्यात दाब भरू नका.

पाण्याच्या परीक्षेनंतर टाकी उन्हात उलटी ठेवून पूर्ण वाळवा आणि शेवटी थोडे रॉकेल घालून धुवून टाका. आत पाण्याचा थेंब राहिला तर पुढे ज्वाला फडफडते आणि विझायला येते, आणि लोकांना वाटते बर्नर बिघडला.

बर्नरकडे वळू. नवा घाला असा सल्ला तुम्हाला मिळाला, तो बहुतेक वेळा आळसाचा असतो. जुन्या बर्नरचे पितळ जाड असते, त्यातले सांधे चांगले झाळलेले असतात. बाजारात मिळणारे बरेचसे नवे बर्नर हलके असतात. जुना बर्नर बंद पडतो तो काजळीमुळे. रॉकेल नळ्यांत फार तापले की त्याचा काही भाग कोळसा होऊन आतल्या भिंतींना धरतो. वर्षांगणिक नळीचे भोक बारीक होत जाते, ज्वाला अशक्त होते, मग माणूस जास्त पंप मारतो आणि प्रश्न वाढतो.

बर्नर नळीवरून उतरवताना नट फिरवायचे दोन पाने वापरा. एकाने नळीचा बुंधा धरा, दुसऱ्याने बर्नर फिरवा. एकाच पान्याने झटका दिला तर टाकीतला नळीचा सांधा निखळतो, आणि ती इजा फार महागात पडते. निपल त्याच्या चावीने काढून बाजूला ठेवा. आता मोकळा बर्नर चिमट्यात धरून सावलीत गॅसवर तापवा. उन्हात लाली दिसत नाही आणि माणूस गरजेपेक्षा जास्त तापवतो. मंद लाल झाला की लगेच पाण्यात बुडवा. आतला कोळसा तडकून सुटतो. हे दोनदा-तीनदा करावे लागते. ज्या बर्नरचे सांधे आधीच कमकुवत दिसतात किंवा ज्याच्यावर तांबूस डाग पडले आहेत, त्याला हा उपाय नको. तांबूस डाग म्हणजे पितळातले जस्त निघून गेले आणि मागे भुसभुशीत तांबे उरले.

मग सायकलच्या ब्रेकची जुनी तार घ्या. तिचे दोन-तीन पदर सोडवून एकत्र पिळा आणि खालच्या भोकातून आत सारून गोल गोल फिरवा. पुण्यात एके काळी घरटी सायकल होती, त्या काळात प्रत्येक स्टोव्हवाल्याकडे अशा तारांचा गुच्छ लटकलेला असे. काळी पूड बाहेर येईल. आत मारलेली फुंकर निपलच्या भोकातून मोकळी बाहेर आली पाहिजे. बाहेरचा मळ आणि चुना लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात तासभर ठेवला की निघतो, पण कोळशावर लिंबूसत्त्वाचा काही परिणाम होत नाही. दोन्ही कामे वेगळी आहेत, हे लक्षात घ्या.

निपलचे भोक साधारण ०.३२ मिलीमीटरचे असते. वर्षानुवर्षे साफ करायला पिन मारून ते लंबगोल होते. ज्वाला एका बाजूला झुकते किंवा टोकाला पिवळी होते, त्याचे हे एक मोठे कारण. निपल उजेडाकडे धरून भिंगातून पाहा. भोक गोल नसेल तर निपल बदला, ते स्वस्त असते. पिन नेहमी योग्य जाडीची वापरा आणि सरळ घाला. जाड पिन जबरदस्तीने घातली तर भोक वाढते, आणि पिनची तार आत मोडली तर निपल टाकावेच लागते. शिवणकामाच्या सुईने पिन मारायचा विचारही मनात आणू नका.

सगळे पुन्हा बसवताना नवा शिशाचा वायसर घाला, दोन पाने वापरूनच बर्नर आवळा, आणि अति जोर करू नका. शिसे मऊ असते, थोड्या दाबात बसते. मग पुन्हा एकदा बेताने हवा भरून सगळ्या सांध्यांना साबणाचे पाणी लावा. बर्नर बसवताना एखादा नवा सांधा तयार होतो, आणि त्याची परीक्षा अजून झालेली नसते.

आता पहिल्यांदा पेटवताना. जागा उघडी, वाऱ्याचा झोत नको, जवळ प्लास्टिक नको, नायलॉनची साडी किंवा ओढणी अंगावर नको. हाताशी वाळूची बादली किंवा ओले गोणपाट ठेवा. रॉकेल पांढरे, पाण्यासारखे स्वच्छ घ्या, फडक्यातून गाळून भरा, आणि टाकी तीन चतुर्थांशाच्या वर भरू नका, वर हवेला जागा हवी. पेट्रोल किंवा थिनर एक थेंबही नको. रॉकेल साधारण ३५ अंशांच्या वर गेल्याशिवाय पेट घेण्याइतकी वाफ सोडत नाही. पेट्रोल मात्र हिवाळ्यातल्या पहाटेच्या थंडीतही सोडते. त्या एका फरकावर या स्टोव्हची सगळी सुरक्षितता उभी आहे. डिझेलही नको, ते बर्नरमध्ये काजळी धरते.

हवेची चावी सैल ठेवा. बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट भरा किंवा काकडा स्पिरिटमध्ये भिजवून लावा, आणि पेटवा. घरात जुना काकडा मिळाला आणि तो पांढरट तंतूंचा असेल तर तो अ‍ॅस्बेस्टॉसचा असू शकतो. तो झटकू नका, पिशवीत बंद करून बाजूला ठेवा आणि कापसाचा नवा करा. स्पिरिटची ज्वाला दीड-दोन मिनिटे चालली पाहिजे, डिसेंबरात थोडी जास्त. ती विझत आली की चावी आवळा आणि दोन-तीनच पंप मारा. बर्नर पुरेसा तापला असेल तर निळी ज्वाला धरते आणि तो ओळखीचा भर्र आवाज सुरू होतो. मग सावकाश पंप वाढवा. तापला नसेल तर द्रव रॉकेल वर येते आणि उंच पिवळी ज्वाला उठते. त्या क्षणी करायची एकच गोष्ट, हवेची चावी पूर्ण सैल करणे. फुंकर मारायची नाही, पाणी ओतायचे नाही. दाब गेला की रॉकेल वर येणे थांबते आणि ज्वाला खाली बसते. पूर्ण गार होऊ द्या, वाटीतले रॉकेल पुसा आणि काकड्यापासून पुन्हा सुरुवात करा. वाटीत रॉकेल साचलेले असताना दुसऱ्यांदा काडी लावणे हा जुना, फार जुना अपघात आहे.

या विषयावर मला थोडे गंभीरपणे बोलायचे आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मराठी वर्तमानपत्रांत स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजल्याच्या बातम्या इतक्या येत की त्यांचा वेगळा स्तंभ झाला असता. त्यांतले बरेच अपघात नव्हते, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९८३ मध्ये दंडसंहितेत विवाहितेच्या छळाचे ४९८-अ हे कलम आले आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचे ३०४-ब, त्यामागे असेच मृत्यू होते. एक मिस्त्री म्हणून मी एवढेच सांगू शकतो की नीट ठेवलेला स्टोव्ह आपोआप बॉम्बसारखा फुटत नाही. खरे अपघात होतात त्यांची कारणे ठरलेली आहेत: जळत्या किंवा गरम स्टोव्हचे झाकण काढून रॉकेल भरणे, अर्धवट तापलेल्या बर्नरवर पंप मारत राहणे, गळका व्हॉल्व्ह, रॉकेलमध्ये पेट्रोलची भेसळ, आणि बसक्या जागी पदर ज्वालेवर जाणे. आजच्या घरात पुन्हा पेटणाऱ्या स्टोव्हवर यांपैकी एकही शक्यता उरू नये. म्हणून मी टाकीच्या परीक्षेबद्दल इतके लिहिले.

घरात वापरणार असाल तर खिडकी उघडी ठेवा. सुरुवातीला आणि भांडे टोपीच्या फार जवळ असताना अर्धवट जळलेला धूर होतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याचा वास येत नाही. बंद फ्लॅटमधल्या रोजच्या स्वयंपाकासाठी हा स्टोव्ह मी कुणाला सुचवणार नाही. पण गच्चीवर दिवाळीच्या फराळाची कढई ठेवायला, भाताचे मोठे पातेले चढवायला तो उत्तम आहे. काम झाले की चावी सैल करून दाब सोडा. महिनोन्‌महिने पेटवणार नसाल तर रॉकेल काढून ठेवा आणि कातड्याला तेलाचे दोन थेंब द्या.

आता पॉलिश. पितांबरी, चिंच किंवा चिंच-मीठ यांनी काळेपणा उतरतो. पण घासल्यावर लगेच भरपूर पाण्याने धुऊन कोरडे पुसा, आंबट आणि मीठ सांध्यांत राहिले तर हिरवा चढतो. बफिंगच्या चाकावर टाकी देऊ नका. टाकीवर किंवा तळाशी कारखान्याचे नाव आणि अक्षरे ठोकलेली असतात. प्रायमसच्या स्टोव्हवर त्यातल्या अक्षरावरून तो कोणत्या वर्षी बनला ते कळते. चाकाने ती पुसट होतात, आणि ती गेली की स्टोव्हची जन्मतारीखच गेली. लाखेचा किंवा वॉर्निशचा थर टाकीच्या वरच्या भागावर लावू नका, तिथे उष्णता पोचते. पोचे असतील तर बहुतेकदा तसेच राहू द्या. पोचा बाहेर काढताना पत्रा पुन्हा ताणला जातो. अगदीच मोठा असेल तर तांबट आळीतल्या एखाद्या जुन्या कारागिराला दाखवा. तो नको म्हणाला तर त्याचे ऐका.

सुट्या भागांसाठी रविवार पेठेतल्या बोहरी आळीच्या आसपासची हार्डवेअरची दुकाने पाहा, आणि बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार. तिथे तुटक्या स्टोव्हचे ढीग असतात, आणि एखाद्या मोडक्या स्टोव्हवरून तुमच्या मापाची व्हॉल्व्हची चावी किंवा टोपी मिळू शकते. जाताना जुने कातडे, जुना वायसर आणि निपल डबीत घालून बरोबर न्या. दुकानदार माप विचारेल आणि आपण हाताने दाखवू, असे करून आणलेला भाग बहुतेक वेळा परत करावा लागतो. टाकी मात्र घरीच ठेवा, आणि ती बदलून देतो म्हणणाऱ्याला पाण्याची परीक्षा होईपर्यंत तरी देऊ नका.